तिकीट खुर्चीचं असतं

आमच्या घरमालकांइतकी सिनेमाबद्दल ठाम मतं असलेला माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतके कमी सिनेमे शेवटपर्यंत पाहिलेला माणूसही सापडणार नाही. कमी म्हणजे किती, तर मी त्यांच्या घरात राहायला गेलो तोवर एकही नाही. दर शुक्रवारी, नव्या सिनेमाच्या पहिल्याच दिवशी, बाराच्या खेळाला हा माणूस हजर. मध्यंतराचे दिवे लागले की उठायचा, पायानं चपला चाचपायचा आणि सरळ घरी यायचा. मग पुढचा आठवडाभर त्या सिनेमावर जो निकाल द्यायचा, त्यावर अपील नसे. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेले सिनेमे आमच्या ओट्यावर धुळीला मिळालेले मी पाहिले आहेत, आणि ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं असे सिनेमे त्याच ओट्यावर जावयासारखे पाटावर बसलेलेही पाहिले आहेत.

मी मूळचा मुदखेडचा. लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची नोकरी लागली, तेव्हा बायकोला घेऊन घर शोधत फिरत होतो. लातुरात रिकामी खोली म्हणजे शिकवणीला आलेल्या पोरांची जहागीर; नवराबायको म्हटलं की मालक लोक तोंड वाकडं करतात. फिरत फिरत एका जुन्या टॉकीजच्या अगदी समोरच्या दुमजली घराशी आलो. ओट्यावर एक उंच, काटक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. मूळ गाव देवणीकडचं, मोंढ्यात धान्याची आडत. वय झालं तसं दुकान पुतण्याच्या हवाली केलेलं. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. मी भाड्याचं विचारायला तोंड उघडणार, तर त्यांनीच विचारलं, "सिनेमा बघता का?"

मी जरा भाव खात म्हणालो, "चांगला असेल तर बघतो."

"चांगला हाय का न्हाई ते बघितल्याबिगर कसं कळतंय, सर? कट्टा न उघडता तुरीचा भाव सांगता का तुमी?"

तुरीचा भाव मी अख्खं पोतं उघडूनही सांगू शकलो नसतो, पण खोली मिळाली. मध्यंतराला उठून येण्यामागेही त्यांनी मला पहिल्या आठवड्यात हेच मोंढ्याचं तत्त्वज्ञान ऐकवलं होतं. आडत्या काय सगळा कट्टा ओतून बघत बसतो का? एक मूठ हातात घेतो, फुंकर मारतो, दाताखाली एक दाणा घालतो, झाला सौदा. सिनेमाचंही तेच. "निम्मा बघितला की कळतंय माल कसाय ते. उरलेला निम्मा बघणं म्हंजी खामखा येळ घालवणं." हे ते इतक्या रुबाबात सांगत, की भूगोलाच्या माणसालाही पटावं. मला पटलंही.

पण निम्म्या सिनेमावर पूर्ण मत देण्याचा परिणाम असा झाला होता, की आप्पांच्या लेखी सिनेमाचं जग हे फार सुखाचं ठिकाण होतं. त्यांच्या जगात नायक रिकामटेकडा पण मनानं चांगला, नायिका हसरी, मित्र विनोदी, आई सारखी काहीतरी खायला करणारी, आणि संकट अजून वेशीबाहेर. कुणी कधी मरत नसे. मेलाच तर नायकाचा बाप, आणि तोही अगदी सुरुवातीला. त्यामुळे आप्पांचे आक्षेप सगळे शिस्तीचे असत. हल्लीच्या दाढीवाल्या, कुऱ्हाडवाल्या नायकांवर त्यांचा भारी राग. "निम्मा सिनेमा झाला, गड्यानं एक दिवस हजेरी लावली न्हाई. कुऱ्हाड हाय हातात, पर एक लाकूड फोडलं का? आन् माय म्हणती, माझं लेकरू लाखात एक!" गाण्यात नायिका पावसात भिजली, की त्यांचा जीव खालीवर होई. ते नायिकेच्या काळजीनं होत नसे. लातूरकराला नळ कधी येईल ते ज्योतिषीसुद्धा सांगू शकत नाही, आणि इथे हे लोक एका गाण्यावर एवढं पाणी ओततात. "त्या गाण्याच्या पाण्यात आपल्या गल्लीची भांडी निघाली असती," असं म्हणून त्यांनी एका चांगल्या चालणाऱ्या सिनेमाला कायमचा नापास केला. भुताच्या एका सिनेमाबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणाले, "भूत करायलंय काय? दार उघडायलंय, दार झाकायलंय. आमच्या घरात हे काम मी करतो."

सगळ्यात मजा खलनायकाची. मध्यंतरापर्यंत खलनायक बहुधा पाहुण्यारावळ्यांत बसून असतो, त्यामुळे आप्पांचं त्याच्याबद्दल मत फार चांगलं होई. एकदा असाच एक साखर कारखानदार छाप खलनायक त्यांना फार आवडला. "लई भला माणूस. पोरीला शिकिवलंय, गड्यांना येळंवर जेवू घालतोय, थोरांच्या पाया पडतोय. उगी लोकं त्याच्या मागं लागल्यात." तो सिनेमा मी आणि बायकोनं रविवारी पाहिला. त्या भल्या माणसानं दुसऱ्या अर्ध्यात एक अख्खं गाव पेटवून दिलं. मी मुद्दाम ओट्यावर जाऊन आप्पांना ते सांगितलं. आप्पा जराही हलले नाहीत. "आग लागली आसंल," ते म्हणाले. "त्यानंच लावली कशावरनं?"

त्यांच्या पत्नीला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. पण सिनेमाचा विषय निघाला की त्यांचं मत नेमकं आप्पांच्या उलट. आप्पांना जो सिनेमा हसरा, खेळकर वाटे, तो मावशींच्या मते रडारड, जाळपोळ आणि दवाखाना. "सिनेमा म्हंजी काय ओ सर," त्या मला एकदा धणे पाखडता पाखडता म्हणाल्या, "सुरू झाल्यापासनं माणसं निस्ती ओरडायलेत. कुणी कुणाला 'बस, च्या घे' म्हणत न्हाई. ह्यांना त्यात काय गोडी वाटती, देव जाणे." मी आणि बायको रात्री जेवताना यावर तर्क लढवायचो. माझं म्हणणं, दोघांपैकी एक जण थेटरात झोपत असणार. बायकोचं म्हणणं, दोघांपैकी एक जण सिनेमाला जातच नसणार.

खरं काय ते एका शुक्रवारी कळलं. कॉलेजला सुट्टी होती आणि मी वरच्या गॅलरीत उभा होतो. टॉकीजची मध्यंतराची घंटा झाली. आप्पा घाईघाईनं फाटकातून बाहेर आले, धोतराचा सोगा धरून रस्ता ओलांडला. खाली दारात मावशी चपला घालून, पदर खोचून तयार. आप्पांनी खिशातलं फाटकं तिकीट त्यांच्या हातात दिलं आणि एका दमात म्हणाले, "निळ्या गाडीवाला आपला. चष्मेवाला त्याचा मामा, त्याच्यावर डोळा ठेव. पोरगी डाक्टर हाय, आजून लगीन न्हाई." मावशींनी मान डोलावली आणि ज्या घाईनं आप्पा आले होते त्याच घाईनं रस्ता ओलांडून त्या टॉकीजात शिरल्या. दारावरचा माणूस त्यांच्याकडे पाहून नुसता हसला आणि बाजूला झाला. पहारा बदलावा तसं हे सगळं बिनबोभाट पार पडलं.

मी खाली गेलो. आप्पांनी लपवलं काही नाही. मधल्या खोलीत खिडकीशी त्यांची एकुलती एक मुलगी वाती वळत बसली होती. तिशी उलटलेली, डोळे अतिशय तरतरीत. तिला आम्ही ताई म्हणायचो. ती फारशी बाहेर येत नाही एवढंच आम्हाला ठाऊक होतं. लहानपणापासून तिला फिट येत असे, केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून तिला घटकाभरही एकटं सोडता येत नव्हतं. त्यातून लखलखणाऱ्या उजेडानं हमखास येते असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरातला टीव्ही गेला, मोबाइलही बटणांचाच आला. म्हणजे ताईनं सिनेमा पाहायचा प्रश्नच नव्हता. तिला सिनेमा सांगावा लागे. एक जण घरी हवा, म्हणून आप्पा पहिला अर्धा पाहायचे, मावशी दुसरा अर्धा. मावशी थेटरात असताना आप्पा ताईला पहिला अर्धा सांगत, गाण्यांसकट. मावशी परतल्या की चहा होई, आणि त्या दुसरा अर्धा सांगत. तो आप्पाही ऐकत, पण निकाल मात्र दोघंही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेल्या अर्ध्यावरच देत. मग मावशींना पहिला अर्धा कोण सांगणार? तो ताई सांगायची, आणि आप्पांनी जिथे जिथे आपल्या पदरचं घातलं असेल तिथे थांबून म्हणायची, "हे आप्पानं घातलंय, पिच्चरमदी नसणार." असा पाखडून घेतलेला सगळा सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या घरात फक्त तिच्याकडे असे.

आता माझ्या लक्षात आलं की मोंढ्याचं ते तत्त्वज्ञान म्हणजे निव्वळ थाप होती. लोकांनी हळहळू नये म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं स्वतःला हेकट आणि विक्षिप्त म्हणवून घेत होता. मी तसं काही बोलायला गेलो तर त्यांनी मला उडवूनच लावलं. "थाप कशाची? मुठीवर कट्टा कळतोच. हिला इच्यारा."

अर्थात या पद्धतीत घोटाळेही होत. दारात उभ्या उभ्या, रस्त्यातल्या रिक्षा चुकवत अर्धा सिनेमा एका वाक्यात हवाली करायचा, म्हणजे चूक व्हायचीच. एकदा आप्पा घाईत एवढंच म्हणाले, "दाढीवाला आपला." मावशी आत जाऊन बसतात तर पडद्यावर यच्चयावत माणसांना दाढ्या! नायकाला दाढी, खलनायकाला दाढी, पोलिसाला दाढी. मावशींनी त्यातल्या त्यात थोराड, देखणी दाढी निवडली आणि तिच्यासाठी मनोमन देवाला हात जोडत दुसरा अर्धा काढला. शेवटी ती दाढी उंचावरून खाली पडून मेली. मावशी डोळे पुसत घरी आल्या आणि ज्यानं त्याला ढकललं त्याच्या नावानं बोटं मोडत सगळी हकिगत सांगितली. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मेला त्योच वाईट हुता गं." पण मावशी माघार घेतील तर त्या आप्पांच्या पत्नी कसल्या. "आसू दे," त्या म्हणाल्या, "आपल्या समोर मेला, आता त्याला वाईट म्हणू न्हाई." त्यानंतर आप्पा दाढी हा शब्द वर्ज्य करून कानातली बाळी, कपाळावरची खोक, अशा पक्क्या खुणा देऊ लागले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना समोरच्या टॉकीजला कुलूप लागलं. नवे सिनेमे आता फक्त गावाबाहेरच्या मॉलमध्ये, सरकत्या जिन्यानं वर गेल्यावर. आप्पांनी हार मानली नाही. पुतण्याची जुनी व्हॅन मागून घेतली, मागच्या सीटवर गादी घातली, काचांना मावशींच्या जुन्या लुगड्याचे पडदे शिवले, आणि शुक्रवारी तिघंही निघाली. ताई आणि मावशी व्हॅनमध्ये, आप्पा वर. मध्यंतराला आप्पा खाली आले, मावशी तिकीट घेऊन वर गेल्या, आणि दारावर त्यांना अडवलं. हे तिकीट ज्यांनी काढलं ते बाहेर गेले, तुम्ही दुसऱ्या आहात, तुम्हाला दुसरं तिकीट काढावं लागेल. मावशींना भांडायची सवय नाही. त्या तशाच खाली उतरून आल्या, आणि उन्हानं तापलेली व्हॅन अर्धा सिनेमा घेऊन घरी परत आली.

त्या सिनेमाचं मध्यंतर नेमकं अशा ठिकाणी होतं, की नायक एका पडक्या विहिरीच्या काठाशी उभा आहे आणि खालून कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं. बस, तिथेच अंधार. आठवडाभर ताईला दुसरं काही सुचेना. वाती वळता वळता थांबायची आणि म्हणायची, "हिरीतनं कोण हाक मारलं आसंल?" मी माझा शहाणपणा दाखवायला गेलो. म्हटलं, आत्ता मोबाइलवर बघून सांगतो, सगळी गोष्ट लिहिलेली असते. तिनं चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. "नगं सर. ते आईनं सांगायचं आसतंय."

मी आप्पांना गाठलं. म्हटलं, आप्पा, देव तुम्हाला काही कमी देत नाही, दोन तिकिटं काढा आणि मोकळे व्हा. आप्पा एवढे भडकले, की मला वाटलं आता घर सोडायला सांगतात. "पैशाचा मामला हाय का, सर? दोन तिकिटं काढली म्हंजी सारा येळ एक खुर्ची रिकामी. मी बसलो तवा हिची रिकामी, ही बसली तवा माझी. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत पिच्चर बघू का मी?" मी वर आलो आणि बायकोला म्हणालो, येत्या शुक्रवारी आपणही जाऊ.

त्या शुक्रवारी व्हॅनमध्ये आम्ही पाच जण होतो. मावशींनी माझ्या बायकोला वाटेत सगळं समजावून सांगितलं होतं: फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि घाबरायचं नाही. आप्पांनी तोच सिनेमा, तोच पहिला अर्धा पुन्हा पाहिला. केवळ मध्यंतराला भांडता यावं म्हणून. मी शेजारी बसलो होतो. ज्या सहजतेनं लोक थेटरात मक्याच्या लाह्या खातात त्या सहजतेनं हा माणूस दातओठ खात होता. दिवे लागले तसे आप्पा उठले आणि दारावर जाऊन उभे राहिले. मी खाली जाऊन मावशींना वर आणलं. बायको ताईजवळ थांबली.

"सर, एका तिकिटावर एकच व्यक्ती," गळ्यात टाय बांधलेला तरुण मॅनेजर अतिशय नम्रपणे म्हणाला.

"एकच बसायलीय की," आप्पा म्हणाले. "मी उठलो, ही बसली. दोगं एका खुर्चीवर बसलो का? तिकिटावर काय लिवलंय वाचा. खुर्चीचा नंबर हाय. माझं नाव हाय का?"

"नाव नसतं सर, पण नियम..."

"मंग झालं तर. तिकीट खुर्चीचं. खुर्चीवर माणूस हाय, खुर्ची तुमची जाग्यावर हाय, पिच्चर चालू हाय. नुकसान कुणाचं झालं ते सांगा. यष्टीत पोरगं उठून बापाला जागा दिलं तर कंडक्टर दुसरं तिकीट फाडतोय का?"

एव्हाना मध्यंतराला बाहेर आलेली माणसं गोळा झाली होती. लातूरच्या माणसाला सिनेमा आवडतो, पण भांडण त्याहून आवडतं. आणि इथे तर ते फुकट होतं. औशाकडचा एक पागोटेवाला शेतकरी पुढे येऊन म्हणाला, "म्हातारं बराबर बोलायलंय." एक बाई हातातल्या लाह्यांचा पुडा मावशींपुढे धरून म्हणाली, "घ्या मावशी, उभ्या राहून दमला असाल." तो टायवाला बिचारा घामाघूम झाला. तेवढ्यात मावशी बोलल्या. इतक्या लोकांसमोर त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाळा," त्या म्हणाल्या, "मला तुझा पिच्चर फुकट बघायचा न्हाई. खाली गाडीत माझी पोरगी हाय. तिला बघता येत न्हाई, डोळ्यापुढं चमकलं की फिट येती. हिरीत कोण हाय ते ती आठ दिस झालं इच्यारायलीय. तेवढं बघते आन् जाते."

मॅनेजरनं खाली मान घातली. मग हळूच म्हणाला, "जा मावशी. तुम्ही जा. मी सोडतो."

इथे कुणीही शहाणा माणूस आभार मानून गप्प बसला असता. आप्पांनी मावशींचा हात धरून त्यांना थांबवलं. "सोडतो म्हंजी? मेहेरबानी करायलाव का? मेहेरबानी नगं. आज तुमी हाव, उद्या दुसरं कुणी आसंल. तिकीट खुर्चीचं आसतंय का माणसाचं, तेवढं सांगा."

मी कपाळावर हात मारला. आत सिनेमा सुरू झाल्याचा आवाज येत होता. विहिरीतला माणूस बहुधा आता वर येत असणार, आणि हा हट्टी म्हातारा दारात कायद्याचा कीस पाडत उभा. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "म्हण की राव एकदाचं!" मॅनेजरनं इकडेतिकडे पाहिलं, टायची गाठ सैल केली आणि म्हणाला, "बरं. तिकीट खुर्चीचं."

"हाव, बराबर," आप्पा म्हणाले आणि हात सोडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मावशी पदर सावरत अंधारात शिरल्या.

त्या परत आल्या तेव्हा व्हॅनमध्ये आम्ही सगळे वाट बघत बसलो होतो. ताई नुसती आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. मावशी आधी पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "बाप हुता गं त्याचा. इतकी वर्सं हिरीतच राहिला म्हणं." ताईनं डोळे मिटले आणि समाधानानं मान हलवली. आप्पांनी मात्र गाडी सुरू करता करता निकाल दिला, "म्हंजी हीर कोरडी हुती. लातूरचीच आसणार." व्हॅनमध्ये जो हशा झाला त्यात ताईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पुढे माझी बायको आणि ताईचं चांगलं जमलं. एकदा बायकोसमोरच ताईला फिट आली. बायकोनं तिला कुशीवर वळवलं, हात धरून बसली, घाबरली नाही. तेव्हापासून मावशींची भीती गेली. मग बायकोच एक दिवस म्हणाली, आप्पा, मी बसते ताईजवळ, तुम्ही दोघं एकदा जोडीनं जा, पूर्ण सिनेमा बघा. दोघांनी बरेच आढेवेढे घेतले, पण ताईनंच हट्ट धरला. त्या शुक्रवारी मावशी इरकली लुगडं नेसल्या. आप्पांनी नवी टोपी घातली. आयुष्यात पहिल्यांदा शेजारशेजारच्या दोन खुर्च्या, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांना जाताना पाहून माझ्या बायकोचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी गॅलरीतून पाहतो तर व्हॅनमध्ये गादी घातलेली, पडदे ओढलेले, आणि तिघंही निघालेली. मी धावत खाली गेलो. म्हटलं, आप्पा, हे काय? आमची ही बसते म्हणाली होती ना ताईजवळ? मागच्या वेळी काही बिघडलं का? आप्पांनी सगळ्या जगाला दाखवायचा तो ताठा आणायचा प्रयत्न केला, पण त्या दिवशी तो त्यांना नीट जमला नाही.

"बिघडलं काय न्हाई, सर. पिच्चर झ्याक हुता. शेजारी बसलो, सगळा बघितला. हिनं बी बघितला, मी बी बघितला. घरी आलो, च्या झाला. मी ताईला सांगाया लागलो तर ही म्हणती, मला ठावं हाय. ही सांगाया लागली तर माझं बी तेच. गप बसून जेवलो, सर. पोरगी निस्ती आमच्या दोगांच्या तोंडाकडं बघायली." मग चावी फिरवत म्हणाले, "आमाला निम्माच बरा हाय. तुमच्या बाईसायबाला सांगा, राग धरू नका म्हणावं."

आता माझी बदली नांदेडला झाली आहे. इथेही मॉल आहे, सरकता जिना आहे, आणि आम्ही दोघं महिन्यातून एखादा सिनेमा जोडीनं पाहतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. येताना गाडीवर मी विचारतो, "कसा वाटला?" ती म्हणते, "बरा होता." मग थोड्या वेळानं ती म्हणते, "कोपऱ्यावर थांबवा, कोथिंबीर घ्यायचीय." एकदा मध्यंतर झालं तेव्हा मी तिला म्हणालो, मी बाहेर जाऊन बसतो, पुढचा तू बघ आणि घरी गेल्यावर मला सांग. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मलाच काहीतरी झालंय. म्हणाली, "बसा गुपचूप." मी बसलो. सिनेमा संपल्यावर आम्ही घरी आलो, जेवलो, आणि त्या सिनेमाबद्दल आमच्या घरात कुणी कुणाला काहीही सांगितलं नाही.